फोर्ड मॅव्हरिक एक्स-एल : फोर्डच्या कारखान्याचे कोणते सुटे भाग घ्यावेत आणि कोणते सोडावेत

फोर्ड मॅव्हरिक या छोट्या पिकअप ट्रकच्या २०२२ सालच्या सर्वांत स्वस्त, म्हणजे एक्स-एल मॉडेलचे स्टिअरिंग हातात धरले की उजव्या अंगठ्याखाली गाण्यांचा आवाज कमी-जास्त करणारी बटणे लागतात आणि डाव्या अंगठ्याखाली एक काळी, गुळगुळीत, कसलेही चिन्ह नसलेली पट्टी लागते. क्रूझ कंट्रोलच्या, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणाऱ्या सोयीच्या, बटणांची ही रिकामी ठेवलेली जागा होय. मी अमेरिकेत, मिशिगन राज्यात, हेच मॉडेल वापरतो. पहिले काही महिने लांबच्या प्रवासात माझा अंगठा नकळत त्या पट्टीवर फिरत असे, जशी पडलेल्या दाताच्या जागी जीभ फिरते. पुढे मी ती पट्टी काढून तिथे फोर्डचीच बटणे बसवली, आणि एकदा त्या वाटेला लागल्यावर चाके, मडफ्लॅप, पायातल्या मॅट, दारावरचा कीपॅड अशा आणखी काही वस्तू फोर्डच्याच सुट्या भागांतून घेतल्या. त्यांपैकी काहींनी पैसे वसूल करून दिले, काहींबद्दल मी अजूनही साशंक आहे, आणि एका खरेदीचे पैसे तर सरळ पाण्यात गेले. हे परीक्षण गाडीचे कमी आणि त्या भागांचे जास्त आहे.

गाडीविषयी आवश्यक तेवढे आधी सांगतो. मॅव्हरिक मेक्सिकोतील एर्मोसियो येथील कारखान्यात तयार होते आणि तिचा सांगाडा फोर्डच्याच एस्केप व ब्रॉन्को स्पोर्ट या मोटारीच्या घडणीच्या गाड्यांशी नाते सांगणारा आहे, म्हणजे अमेरिकेत ज्याला खरा ट्रक म्हणतात त्यातली ती नव्हे. एक्स-एलमध्ये अडीच लिटरचे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर मिळून १९१ अश्वशक्ती मिळते, शहरात गॅलनमागे ४२ मैल हा सरकारी चाचणीचा आकडा आहे, आणि माणसे आणि मागच्या उघड्या हौद्यातले सामान मिळून एकूण वजन १,५०० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ६८० किलो, वाहता येते. हौदा साडेचार फुटांचा आहे. निफाडकडे पिकअप चालवणाऱ्या माझ्या मामेभावाला हा आकडा फोनवर सांगितला तेव्हा तो क्षणभर थांबून म्हणाला, "दादा, मग टमाट्याचे क्रेट कुठं ठेवता?" त्याचा प्रश्न रास्त आहे. येथे मात्र ही गाडी क्रेटसाठी नव्हे, तर लाकूड, माती, सायकली आणि वर्षातून एकदा गणपतीच्या मखराचे सांगाडे नेण्यासाठी घेतली जाते, आणि त्या कामाला हौदा पुरतो.

जून २०२१ मध्ये गाडी जाहीर झाली तेव्हा एक्स-एलची किंमत १९,९९५ डॉलर होती, वाहतूकखर्च वेगळा. त्यावरच्या एक्स-एल-टी मॉडेलची किंमत २२,२८० डॉलर होती. या २,२८५ डॉलरांत क्रूझ कंट्रोल, विजेवर हलणारे बाहेरचे आरसे, पोलादी चाकांऐवजी अलॉय व्हील आणि आणखी काही लहानसहान सोयी मिळत होत्या. उलट, एक्स-एल अगदीच उघडी-बोडकी गाडी नव्हती. एलईडी दिवे, आठ इंची पडदा, समोर अडथळा आल्यास आपोआप लागणारे ब्रेक हे सर्व तिच्यात मुळातच होते. त्यामुळे शोरूममध्ये बसून मी कागदावर जो हिशेब मांडला तो असा होता की मला हवी असलेली वस्तू एकच आहे, आणि एका वस्तूसाठी बावीसशे डॉलर मोजणे शहाणपणाचे नाही. पुढे एकाची सहा झाली, हे खरे आहे. तरीही एकूण खर्च त्या फरकाच्या निम्म्यापर्यंतही गेला नाही. आकडे यथावकाश येतीलच.

हे सगळे करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि तीच या परीक्षणाचा कणा आहे. स्वस्त मॉडेल म्हणजे महाग मॉडेलमधून उरलेसुरले घेऊन बनवलेली गाडी नसते. कारखान्यात जुळणीच्या एकाच पट्ट्यावरून दोन्ही जातात, आणि कारखान्याला दोन वेगवेगळे साचे, दोन वेगवेगळ्या वायरिंग ठेवण्यापेक्षा काही ठिकाणी जागा राखून ती झाकणे स्वस्त पडते. जिथे अशी राखीव जागा आहे तिथे कारखान्याचा भाग घरचा माणूस घरी यावा तसा बसतो. जिथे ती नाही, तिथे खोक्यावर फोर्डचा निळा अंडाकृती शिक्का असला तरी तो भाग परकाच असतो, आणि त्याला सामावून घेण्याचा खर्च भागाच्या किमतीहून मोठा होतो. म्हणून काही मागवण्याआधी ती जागा खरोखर आहे का, हे पाहणे हे पहिले काम.

दुसरे काम भागाचा क्रमांक वाचायला शिकणे. फोर्डच्या सुट्या भागाच्या क्रमांकाचे तीन तुकडे असतात. मधला तुकडा वस्तू कोणती ते सांगतो आणि तो वर्षानुवर्षे बदलत नाही : १००७ म्हणजे चाक, १७६८२ म्हणजे बाहेरचा आरसा, ९सी८८८ म्हणजे क्रूझ कंट्रोलची बटणे. पहिला तुकडा तो भाग मुळात कोणत्या साली आणि कोणत्या गाडीसाठी आखला गेला ते सांगतो. त्यातले पहिले अक्षर सालाचे असते, आणि २०२२ साठी ते इंग्रजी वर्णमालेतले 'एन' आहे. शेवटचा तुकडा मात्र सर्वांत फसवा. रंग, उपप्रकार, मागाहून झालेली दुरुस्ती हे सारे त्या एक-दोन अक्षरांत दडलेले असते, आणि चुका तिथेच होतात.

माझी चूकही तिथेच झाली, किंवा माझ्यावर लादली गेली असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. घराजवळच्या एका डीलरच्या पार्ट्स काउंटरवर मी गाडीचा सतरा अक्षरी चासी क्रमांक दिला आणि क्रूझ कंट्रोलची बटणे मागितली. काउंटरवरच्या गृहस्थांनी संगणकात पाहून सांगितले की या गाडीला ती बटणे नाहीतच, आणि ते बरोबरच होते, कारण चासी क्रमांक एक्स-एलचा होता. एक्स-एल-टीची बटणे हवी आहेत असे सांगितल्यावर त्यांनी एक क्रमांक काढला, ऐंशी डॉलर घेतले आणि चार दिवसांनी एक छोटे खोके हातात दिले. घरी उघडून पाहिले तर त्यावर पुढच्या गाडीपासूनचे अंतर कमी-जास्त करणारे बटणही होते. म्हणजे ती साध्या क्रूझची बटणे नव्हती. आणखी महाग असलेल्या लॅरिएट मॉडेलच्या लक्झरी पॅकेजात रडारसह मिळणाऱ्या, पुढच्या गाडीच्या वेगाप्रमाणे आपला वेग बदलणाऱ्या क्रूझची होती. माझ्या गाडीत ते रडार नाही. मी परत गेलो तेव्हा भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवण्यात आले : विजेचे भाग परत घेतले जाणार नाहीत. पाटी खरी होती आणि माझ्या पावतीच्या मागेही तेच बारीक अक्षरात छापलेले होते. परंतु क्रमांक मी नव्हे तर त्यांनी काढला होता, याला त्यांच्याकडे काही उत्तर नव्हते. त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो : काउंटरवर नुसते वस्तूचे नाव कधीच सांगायचे नाही, ती वस्तू असलेल्या मॉडेलच्या गाडीचा चासी क्रमांकही द्यायचा. एक्स-एल-टी चालवणाऱ्या एका शेजाऱ्याने आपला क्रमांक मला दिला, आणि त्यावरून निघालेली बटणे परराज्यातल्या एका डीलरच्या ऑनलाइन काउंटरवरून टपालखर्चासह पासष्ट डॉलरांत आली. तोच माल, तीच पेटी, आणि स्थानिक काउंटरच्या छापील किमतीहून कमी. अमेरिकेत सुटे भाग छापील किमतीला विकत घेणारा माणूस एक तर घाईत असतो किंवा अनभिज्ञ असतो. मी पहिल्या खेपेला दोन्ही होतो.

बटणे बसवण्याचे काम एका शनिवारच्या सकाळी गॅरेजमध्ये केले. यात एअरबॅग काढावी लागते, त्यामुळे ज्याला त्याची भीती वाटते त्याने हे काम सरळ मेकॅनिककडे द्यावे, त्यात कमीपणा नाही. आधी बॅटरीची ऋण बाजू सोडवली आणि अर्धा तास काही केले नाही, चहा प्यायलो. एअरबॅगच्या यंत्रणेत साठलेली वीज उतरण्यासाठी काही मिनिटेही पुरतात, पण तिथे घाई करण्याचे कारण नव्हते. स्टिअरिंगच्या मागच्या बाजूला छिद्रे आहेत. त्यांतून बारीक स्क्रूड्रायव्हर आत घालून तारेची स्प्रिंग दाबली की एअरबॅगचा ठोकळा टप्प असा आवाज करून पुढे येतो. त्या आवाजाने पहिल्यांदा छातीत धस्स झाले, हे कबूल करतो. ठोकळा तोंड वर करून बाजूच्या टेबलावर ठेवला. आता आतले सगळे उघडे पडले होते : उजवीकडच्या बटणांना जाणारी पातळ तार, आणि डावीकडे ती काळी पट्टी, जिच्या मागे काहीच नव्हते. पट्टी हातात घेतली तेव्हा तिचे वजन एखाद्या चॉकलेटच्या वेष्टनाएवढे भरले. नवी बटणे मात्र त्याच खाचेत, त्याच स्क्रूंवर, कसलीही कुरकुर न करता बसली, आणि कपलर 'टक्' असा वाजून लागला. बाजारातल्या पर्यायी मालाला हा 'टक्' जमत नाही. तिथे नेहमी थोडे घासावे लागते, थोडे दाबावे लागते, आणि मग वर्षभर काहीतरी खुळखुळत राहते.

पण बटणे लागली म्हणून क्रूझ चालू होत नाही. आजकालच्या गाडीत प्रत्येक नियंत्रकाला, म्हणजे आतल्या छोट्या संगणकाला, स्वतःच्या गाडीत काय आहे आणि काय नाही याची एक यादी दिलेली असते. माझ्या गाडीच्या यादीत क्रूझ 'नाही' असे होते, त्यामुळे बटणे दाबली तरी ती भिंतीवर टकटक करण्यासारखे होते. ही यादी बदलण्यासाठी फोरस्कॅन नावाची संगणकप्रणाली वापरतात. ती फोर्डची नव्हे, त्रयस्थांची आहे, आणि लिहिण्याची मुभा मिळवण्यासाठी तिचा विस्तारित परवाना घ्यावा लागतो. गाडीच्या डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या कपलरला लॅपटॉप जोडणारा अडॅप्टर साठेक डॉलरांना मिळतो. प्रत्येक गाडीची कारखान्यातून निघतानाची मूळ यादी चासी क्रमांकानुसार फोर्डच्या तंत्रज्ञांच्या संकेतस्थळावर पाहता येते. ती आकडे व अक्षरांच्या ओळींच्या रूपात असते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटची दोन स्थाने पडताळणीच्या बेरजेची असतात, म्हणजे मध्ये एक अक्षर चुकले तर शेवट जुळत नाही. मी शेजाऱ्याच्या एक्स-एल-टीची आणि माझ्या गाडीची यादी शेजारीशेजारी ठेवून फरक शोधले. त्या दोन पानांकडे पाहताना गंमत वाटली : बावीसशे डॉलरांतला एक हिस्सा अक्षरशः एका आकड्याचा होता.

येथे दोन गोष्टी काटेकोरपणे पाळाव्यात. काही लिहिण्याआधी सर्व नियंत्रकांची मूळ नोंद संगणकात जतन करून ठेवावी, आणि काम चालू असताना बॅटरीला चार्जर लावून ठेवावा. दुसरी गोष्ट मी पहिल्या खेपेला केली नाही. पेटत्या डॅशबोर्डने वीस मिनिटांत बॅटरी खाली आणली, लिखाण अर्ध्यावर थांबले आणि समोर एकामागून एक पिवळे दिवे लागले. जुनी नोंद होती म्हणून चार्जर लावून ती परत लिहिली, दिवे विझले आणि नव्याने सुरुवात केली. नोंद नसती तर गाडी ओढून डीलरकडे न्यावी लागली असती आणि तिथे काय सांगायचे हा वेगळाच प्रश्न होता.

निकालाविषयी माझ्या मनात शंका नाही. डेट्रॉइटहून शिकागोला आय-९४ महामार्गाने सुमारे २८० मैल आहेत, आणि वाटेतल्या कलामझू शहराच्या दोन्ही बाजूंना रस्ता एवढा सरळ व सपाट आहे की तिथे उजव्या पायाला ताटकळत ठेवणे हा निव्वळ छळ आहे. आता मी ताशी सत्तर मैलांवर बटण दाबतो आणि पाय मोकळा करतो. चढ-उतारांवर वेग एखाद्या मैलाने हलतो, त्यापेक्षा जास्त नाही. डॅशबोर्डवर क्रूझचे हिरवे चिन्ह कारखान्यातून आल्यासारखे उमटते, कारण ते खरोखर कारखान्याचेच आहे. ते आधीपासून आत होते, त्याला फक्त हाक मारायची होती. हायवेवर गॅलनमागे ३३ मैल हा सरकारी आकडा असताना मला क्रूझ लावून ३६ च्या आसपास मिळतात. बटणे आणि अडॅप्टर मिळून सव्वाशे डॉलर. या गाडीवर मी यापेक्षा चांगला खर्च केलेला नाही.

चाकांची गोष्ट तशी सोपी, पण तिला मिशिगनच्या हिवाळ्याची बाजू आहे. एक्स-एलची पोलादी चाके सतरा इंची आहेत आणि त्यांवर २२५/६५ मापाचे टायर आहेत; एक्स-एल-टीच्या अलॉय चाकांचे मापही तेच आहे. नवी गाडी घेऊन लगेच मोठी, चकचकीत चाके लावणारे लोक येथे पुष्कळ आहेत, आणि त्यांची दोन-चारशे मैल चाललेली कारखान्याची चाके टायरांसह विकायला असतात. अशी चार चाके मी चारशे डॉलरांना घेतली. पाच बोल्ट, १०८ मिलिमीटरचे वर्तुळ, मधले भोक, सगळे तंतोतंत जुळले, नट १०० फूट-पौंडाला आवळले आणि काम झाले. चाकातल्या हवेच्या दाबाच्या सेन्सरांची ओळख गाडीला नव्याने करून द्यावी लागते. त्याचे हातात मावणारे यंत्र वीस डॉलरांना मिळते. दिसण्यासाठी हा खर्च करावा असे मी कोणाला सांगणार नाही, कारण मला स्वतःला पोलादी चाके जास्त आवडतात. पिकअपला ती शोभतात. पण त्या पोलादी चाकांवर मी हिवाळी टायर चढवून ठेवले आहेत. नोव्हेंबरात रस्त्यावर मीठ पडू लागले की ती लावतो आणि एप्रिलात काढतो. मीठ पोलादाला खाते, पण त्या चाकांना ओरखडे-गंज यांची भीती बाळगायची नसते. दर हंगामात टायर काढून पुन्हा चढवण्याची मजुरी वाचते, म्हणून दोन-तीन हिवाळ्यांत हा खर्च भरून निघतो. जिथे बर्फ पडत नाही तिथे राहणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

मडफ्लॅप नव्वद डॉलरांचे, मॅट एकशे वीसच्या. दोन्ही ठीक. मॅटचा काठ उंच असल्याने बुटांवरून वितळलेल्या बर्फाचे मिठाचे पाणी त्यातच राहते आणि जाजमावर पांढरे डाग पडत नाहीत. मडफ्लॅपमुळे दरवाज्यांखालच्या पत्र्यावरचा चिखल कमी झाला, नाहीसा झाला नाही. या दोन वस्तूंबाबत बाजारातला चांगला पर्यायी मालही तेवढाच टिकतो, त्यामुळे कारखान्याचाच हवा असा माझा हट्ट नाही.

दारावरच्या कीपॅडविषयी मात्र चार शब्द जास्त लिहितो, कारण ही वस्तू फोर्डची खास ओळख आहे. दारावर आकडे दाबून कुलूप उघडण्याची ही सोय फोर्डने १९८० पासून आपल्या गाड्यांत दिली. मॅव्हरिकसाठी तिचा बिनतारी प्रकार एकशे दहा डॉलरांना मिळतो, तो आतून बॅटरीवर चालतो आणि दाराच्या खांबावर चिकटवायचा असतो. गाडीच्या लेखी तो आणखी एक किल्ली आहे. म्हणून त्याची ओळख करून देताना आधीच्या दोन्ही किल्ल्या हाताशी लागतात, आणि जुनी गाडी एकाच किल्लीसह घेतलेल्यांना डीलरकडे जावे लागेल. चिकटवण्याआधी पृष्ठभाग स्पिरिटने पुसावा आणि थंडीत हे काम करू नये. मी ते सप्टेंबरात केले आणि कीपॅड अजून जागचा हललेला नाही. नदीकाठी फिरायला जाताना किल्ली गाडीतच ठेवून जाता येते, याचे सुख ज्याने भिजलेल्या खिशातून किल्ली काढली आहे त्यालाच कळेल. दोष एकच : जाड हातमोजे घालून त्याची बटणे दाबता येत नाहीत, आणि ज्या राज्यात वर्षाचे चार-पाच महिने हातमोजे घालावे लागतात तिथे हा दोष लहान म्हणता येत नाही.

आता हौद्याकडे वळतो, जिथे फोर्डने सर्वांत जास्त विचार केला आहे आणि जिथे फोर्डचे भाग विकत घेण्याची सर्वांत कमी गरज आहे. हौद्याच्या पत्र्यातच अशा खाचा दाबून घडवल्या आहेत की बाजारात मिळणारी 'दोन-बाय-चार' इंची लाकडी फळी त्यांत उभी-आडवी बसते आणि हौद्याचे कप्पे पडतात. मागच्या दोन्ही बाजूंना बारा व्होल्टच्या, वीस अँपिअरपर्यंत भार घेणाऱ्या तारा आधीच आणून ठेवल्या आहेत. त्यांना दिवा जोडायचा की आणखी काही, हे मालकाने ठरवायचे. इतकेच नव्हे, हौद्यात एक क्यूआर कोड चिकटवलेला आहे. तो फोनने टिपला की घरच्या घरी काय काय करता येईल याच्या सूचना उघडतात. कारखानाच जर सांगत असेल की हे तुम्ही स्वतः करा, तर त्याच कारखान्याच्या यादीतले प्लॅस्टिकचे कप्पे आणि रेलिंग कशासाठी घ्यायचे, हे मला उमगले नाही. मी लाकडाच्या दुकानातून तीन फळ्या आणल्या आणि त्या हव्या तशा कापून घेतल्या. तारांना दोन एलईडी पट्ट्या जोडल्या आणि मध्ये फ्यूज टाकला. सगळे मिळून एका चांगल्या जेवणाच्या खर्चात झाले, म्हणून मी ते खाली हिशेबातही धरलेले नाही.

मागचा फाळका अर्धा उघडून त्या स्थितीतही अडकवता येतो, आणि तेव्हा त्याची वरची कड चाकांवरच्या उंचवट्यांच्या पातळीत येते. गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीच्या मखरासाठी चार-बाय-आठ फुटांच्या प्लायवुडच्या सहा फळ्या आणल्या, त्या अशाच सपाट ठेवून, मागे लाल फडके बांधून. साडेचार फुटांच्या हौद्यात आठ फुटांची फळी सपाट बसते हे पाहून मदतीला आलेल्या दोघांनी फाळक्याभोवती फेऱ्या मारल्या. मामेभावालाही मी तो फोटो पाठवला. त्याने फक्त अंगठा पाठवला, पण त्याच्या बाबतीत तेही पुष्कळ आहे.

जे घेतले नाही त्याचाही हिशेब द्यायला हवा. ट्रेलर ओढण्याचा हूक कोणालाही विकत मिळतो आणि कोणालाही लावता येतो, पण २०२२ च्या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या, मॅव्हरिकची ओढण्याची मर्यादा २,००० पौंडांची आहे आणि हूक लावल्याने ती तसूभरही वाढत नाही. त्या सालची ४,००० पौंड ओढणारी मॅव्हरिक म्हणजे दोन लिटरच्या टर्बो इंजिनाची, ओढण्याचे खास पॅकेज घेतलेली गाडी. त्या पॅकेजात हुकाखेरीज मोठा रेडिएटर, जास्त ताकदीचा पंखा, गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर आणि वेगळे अंतिम गिअर गुणोत्तर असते. यांतले काहीच हुकाबरोबर खोक्यातून येत नाही. एक्स-एल घेऊन नंतर हूक लावून बोट ओढू, असे मनात योजणाऱ्यांनी आधी हे वाचावे. हे राखीव जागा नसण्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे, आणि येथे चुकल्यास नुसते पैसे जात नाहीत, उतारावर ब्रेक कमी पडतात.

वॉरंटीचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. फोर्डची सर्वसाधारण वॉरंटी तीन वर्षे किंवा ३६,००० मैलांची, इंजिन व गिअरबॉक्सची पाच वर्षे किंवा ६०,००० मैलांची आणि हायब्रिडच्या भागांची आठ वर्षे किंवा एक लाख मैलांची आहे. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ एखादा भाग बदलला म्हणून उत्पादकाला सगळी वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या बदलामुळे झाला असेल तरच तेवढ्यापुरती नाकारता येते. कागदावर हे आश्वासक आहे. प्रत्यक्षात, यादीत आपण काही लिहिले आहे हे सर्व्हिसच्या वेळी दिसू शकते, आणि सर्व्हिसमध्ये कधीकधी सॉफ्टवेअर नव्याने भरताना आपले लिखाण पुसलेही जाते. माझ्या बाबतीत एकदा तसे झाले, क्रूझ बंद पडला, आणि घरी येऊन दहा मिनिटांत मी तो पुन्हा चालू केला. बदललेली यादीही जतन करून ठेवावी ती यासाठी.

एकूण आकडे असे : क्रूझ आणि अडॅप्टर १२५, चुकीची बटणे ८०, चाके आणि सेन्सरचे यंत्र ४२०, मडफ्लॅप ९०, मॅट १२०, कीपॅड ११०, बेरीज ९४५ डॉलर. हिवाळी टायर यात धरलेले नाहीत, कारण ते कोणत्याही मॉडेलला लागलेच असते. ज्यांना एक्स-एल-टीतल्या बहुतेक सगळ्या सोयी हव्या आहेत त्यांनी सरळ एक्स-एल-टी घ्यावी; एकेक भाग जमवत बसल्यास बावीसशेचा आकडा पाहता पाहता ओलांडला जातो आणि शनिवार-रविवार जातात ते वेगळेच. ज्यांना त्यांतल्या एक-दोनच हव्या आहेत आणि स्क्रूड्रायव्हर धरण्याचे भय नाही, त्यांना एक्स-एल पुरते.

विजेवर हलणारे आरसे मी घेतले नाहीत. नुसता आरसा बदलून ते काम होत नाही. दारातल्या तारा, बटणांचा संच आणि दाराचे नियंत्रण या सगळ्यांना हात घालावा लागतो, आणि तेवढ्यासाठी दाराचे पॅनेल उघडायची माझी तयारी नव्हती. पत्नीने गाडी चालवल्यावर मी उजवीकडची काच खाली करतो, आडवा होऊन बोटाने आरसा लावतो, परत सरळ बसून पाहतो आणि पुन्हा आडवा होतो. साधारणतः तिसऱ्या खेपेला जमते.